साडेसात फुटी साइडबोर्ड

करवत कुठून चालवायची ती रेघ प्रशिकने खडूने मारली आणि खालची बाजू बघायला तो साइडबोर्डच्या मागे आडवा झाला.

धरमपेठेतलं आईचं घर सोमवारी रिकामं करून द्यायचं होतं. बाकी सामान दोघा भावांत वाटून झालं होतं. हा साडेसात फुटी सागवानी साइडबोर्ड तेवढा अडला. थोरल्या मधुसूदनच्या फ्लॅटमध्ये तो मावेना, सुशीलच्या लिफ्टमध्ये शिरेना. विकायचं मात्र दोघांच्याही जिवावर आलं होतं. शेवटी मधोमध कापून दोन कपाटं करायची असं ठरलं आणि नंदनवनहून प्रशिक सुताराला बोलावलं. बहीण वंदना आवराआवरीला कुहीहून आली होती. ती कप्प्यांतल्या कपबश्या काढून कागदात गुंडाळत होती.

प्रशिक बराच वेळ उठला नाही. मग मोबाइलचा टॉर्च लावून त्याने दोघा भावांना खाली वाकायला लावलं. आत एकही खिळा नव्हता. चार लाकडी पाचरी होत्या, काळ्या पडलेल्या, आणि प्रत्येकीजवळ पटाशीने कोरलेला आकडा.

"करवत लागतच नाही दादा," तो म्हणाला. "हे खोलून निघते."

मग तो बोलतच सुटला. पूर्वी इंग्रज साहेबांच्या घरी जेवणाच्या खोलीत भिंतीशी नुसतं लांब मेज असे, भांडी ठेवायला. दोन्ही बाजूंची कपाटं वेगळी उभी राहत. एकसंध साइडबोर्ड नंतर आले. हा करणाऱ्याने दोन्ही साधलं होतं. उन्हाळ्यात साहेबलोक पचमढीला जात, तेव्हा सोबत नेता यावा म्हणून असेल, असा त्याचा अंदाज. जस्ताचा पत्रा मारलेला खोल कप्पा बर्फात बाटल्या ठेवण्यासाठी होता. त्यात आईने चाळीस वर्षं लोणच्याच्या बरण्या ठेवल्या, हे वंदनाने सांगितल्यावर तो खदखदून हसला.

मोगरीचा पहिला ठोका वाया गेला. दुसराही. सुशीलने चालू असलेला फोन बंद केला आणि तो गुडघ्यांवर बसला. तिसऱ्या ठोक्याला पाचर बोटभर सरकली. मधुसूदनने बाह्या सारल्या, दुसरी पाचर त्याने स्वतः काढली. चौथी निघाली तसं लाकूड करकरलं आणि साइडबोर्ड सुटा झाला. कुठे ओरखडासुद्धा नाही.

डावं कपाट, उजवं कपाट. आणि मध्ये, स्वतःच्या चार पायांवर उभं, एक मेज.

दोघे भाऊ पोरांसारखे हसत होते. एकेक कपाट लिफ्टमधून सहज गेलं असतं. पाचरी रुमालात बांधता बांधता प्रशिकने विचारलं, मधलं मेज कोणाच्या टेम्पोत चढवायचं?

मधुसूदनने सुशीलकडे पाहिलं. सुशीलने मेजाकडे.

वंदनाने हातातली बशी खाली ठेवली.

"मधलं माह्यं," ती म्हणाली.

"तू कुठं ठेवशीन वं?" मधुसूदनने विचारलं.

"मले कोणी विचारलं असतं तर मी अख्खा ठेवला असता."

तिने पदर खोचला, मेजाचं एक टोक उचललं आणि ते तसंच धरून थोरल्या भावाकडे पाहत उभी राहिली.

त्याने दुसरं टोक धरलं.