डॅफोडिलची रांग

मोडलेला खुबा सांधून मॉड ट्रँटर हॉस्पिटलातून घरी आली, तर बागेतलं कुंपण तिच्या दाराकडे चांगलं चार पावलं सरकलेलं.

"कुंपण होतं तिथंच आहे," उन्हाळ्यात लंडनहून शेजारी राहायला आलेला फॅरंट म्हणाला. "वय झालं की होतं असं, आजी."

"आजी असेल तुझ्या घरी!"

तिने आम्हा गल्लीतल्या सगळ्यांना विचारलं. कुणालाच नक्की आठवेना. खरं तर कुणालाच वाईटपणा घ्यायचा नव्हता. मग हिवाळाभर मॉडने आमच्यापैकी कुणाला ओ दिली नाही. फॅरंटने कुंपणावर दाणे टांगले, तशी तिच्या अंगणातली रॉबिन पाखरंसुद्धा फितूर झाली.

मार्चमध्ये त्याने सगळ्या गल्लीला चहाला बोलावलं, मॉड सोडून.

"या, बघा तरी! माझ्या हिरवळीत आपोआप डॅफोडिल फुललीत! या टोकापासून त्या टोकापर्यंत, दोरी लावल्यासारखी सरळ रांग!"

कुंपणाच्या चार पावलं अलीकडे पिवळीधमक फुलं वाऱ्यावर डुलत होती. आम्ही कप हातात धरून वा वा केलं.

तेवढ्यात काठी टेकत मॉड आली. बिनबोलावता. फुलांपाशी थांबली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

"आपोआप कसली रे? आमच्या ह्यांनी कंद पुरलेत, दर मार्चला वर येतात. कुंपणाला लागून. आमच्या बाजूने."