पाळणा फिरणार नाही

“किल्ली दे, वर्षाली,” शौनक म्हणाला. “सात वाजले. साडेसातला शो आहे.”

वर्षालीने मूठ आणखी आवळली. आकाशपाळण्याची किल्ली तिच्या मुठीत होती आणि पाळण्याखाली दीडशे माणसं रांगेत उभी होती.

आंबिवलीजवळच्या त्या पार्कात नव्या शोचा पहिलाच दिवस. तळ्याकाठी प्रोजेक्टर बसवले होते, पलीकडच्या बांधावर आतषबाजीच्या नळ्या रोवल्या होत्या. पंचवीस वर्षांचा जुना पाळणा पांढऱ्या कापडाने मढवला होता. तो सावकाश फिरणार, त्यावर मोर, घोडे, गलबतं उमटणार आणि वर बसलेल्यांना दारूकाम अगदी डोळ्यांसमोर दिसणार. ठाण्यापासून कल्याणपर्यंत तसे फलक झळकत होते.

वर्षाली पाच वर्षं हा पाळणा चालवत होती. गेला आठवडाभर तो फिरताना आतून करकरत होता. तिने मॅनेजरला, म्हणजे शौनकला, दोनदा लिहून दिलं. “शो पार पडू दे, मग बघू,” हे त्याचं उत्तर. शेवटी तिने दामाजीकाकांना फोन लावला.

दामाजी केणे पार्कचे जुने फिटर. यंदाच मार्चअखेर निवृत्त झाले होते. पाना कसा धरायचा हेसुद्धा वर्षालीला त्यांनीच शिकवलं होतं. फोन ठेवला तसे ते निघाले, दुपारी तिकीट काढून आत आले आणि शिडीने थेट वर चढले. मोठ्या स्क्रूड्रायव्हरचं टोक आसावर टेकवून मुठीला कान लावला. खाली आले तेव्हा धापा टाकत होते. बोटांवरच्या काळ्या ग्रीसमध्ये लोखंडाचा चुरा चकाकत होता.

“बेअरिंग खलास झालंय गो पोरी,” ते म्हणाले. “वर्षभराने चढलो नि हे बघायला मिळालं.”

आता ते तिच्या बाजूला उभे होते.

“काका, तुम्ही आता इथे नोकरीला नाही,” शौनक म्हणाला.

“म्हणून तर आलो.”

“पाळण्याचा फिटनेसचा कागद माझ्या कपाटात आहे. सही, शिक्का, सगळं.”

“सही करणारा वर चढलाच नव्हता.”

शौनक त्यांच्याजवळ सरकला. “हे तुम्ही बोलताय?”

“मीच बोलतोय.”

“कागद बाहेर आला तर त्या माणसाचं काय होईल, कळतंय ना? त्यालाही घरदार आहे.”

“येऊ दे बाहेर. मी रोज विचारतो त्याला, का केलीस सही? उत्तर नाय त्याच्यापाशी.”

वर्षालीला त्या सहीवाल्याचा संताप आला. ठाण्यातल्या कुठल्यातरी एसी ऑफिसात बसून शिक्का मारून मोकळा झाला असेल! असल्या माणसाच्या भरवशावर लेकराबाळांना वर चढवायचं?

“दुसरी किल्ली आहे माझ्याकडे,” शौनक म्हणाला. “सुदेश चालवेल पाळणा.”

सुदेश किल्ली घेऊन आला. पण तोवर दामाजी सगळ्यात खालच्या डब्यात जाऊन बसले होते. डब्याचं दार त्यांनी सताड उघडं ठेवलं होतं. दार उघडं असलं की मोटर सुरूच होत नाही, हे सुदेशलाही ठाऊक होतं. तो किल्ली हातात घेऊन नुसता उभा राहिला.

वर्षालीने बूथमधला माइक उचलला. “पाळण्याचं बेअरिंग खराब झालंय. आज पाळणा फिरणार नाही. सगळ्यांनी तळ्याकाठी बसून शो बघा.”

रांगेत एकच गलका उडाला.

“कल्याणवरून दोन रिक्षा करून आलोय आम्ही!” एक जण ओरडला.

“मग परत जाशील पण रिक्षानेच,” डब्यातून दामाजी ओरडले. “अॅम्ब्युलन्सने नाय!”

कोणीतरी हसलं. हळूहळू रांग मोडली.

शौनकचा चेहरा लाल झाला होता. “उद्यापासून येऊ नकोस, वर्षाली.”

“येणार. हे बेअरिंग उघडेपर्यंत रोज येणार. गेटवर अडवलंत तर गेटवर बसेन.”

साडेसातला दिवे मालवले. बांधावरून पहिला बाण सुटला आणि आकाशात फुटला. थांबलेल्या पाळण्यावर मोराने पिसारा फुलवला, मागोमाग घोडे दौडत गेले. लोक मोबाइल उंच धरून शिट्ट्या मारत होते. दामाजी त्या उघड्या डब्यात शेवटपर्यंत बसून राहिले. वर एकदाही बघितलं नाही त्यांनी.

ग्रीसचे फोटो वर्षालीने तिथूनच तपासणी खात्याला पाठवले. सकाळी दहाला खात्याच्या हेमा मॅडम दोन माणसं घेऊन हजर झाल्या. दामाजीही आले होते, इस्त्रीचा सदरा घालून. बेअरिंग उघडलं. आतले तीन रोलर फुटले होते आणि बाहेरच्या कड्याला आरपार भेग गेली होती.

“काल भरून फिरवला असता तर...” हेमा मॅडम शौनककडे वळल्या. “फिटनेसचा कागद आणा.”

शौनक फाइल घेऊन आला. दामाजींच्या जवळून जाताना थबकला. “काका, अजून वेळ आहे,” तो हळूच म्हणाला. “सापडत नाही म्हणून सांगतो.”

“पोरीच्या हातात दे ती.”

वर्षालीने फाइल जवळजवळ ओढूनच घेतली. रात्रभर तिला झोप लागली नव्हती. त्या माणसाचं नाव तिला एकदा बघायचं होतं.

“मोठ्याने वाच गो,” दामाजी ताठ उभे राहून म्हणाले. “सगळ्यांना ऐकू जाऊ दे.”

“तारीख, तीस मार्च,” वर्षाली खणखणीत आवाजात वाचू लागली. “पाळणा स्वतः वर चढून तपासला. सुस्थितीत आहे. सही...”

तिने बोट सहीखाली नेलं. ओळखीच्या, ठसठशीत अक्षरांत खाली लिहिलं होतं: दामाजी काळुराम केणे.