तीन वर्षांची झाडलोट

"घरात सिगारेट कोण ओढतं?" डॉक्टरीणबाईंनी कागदावरून नजर न उचलता विचारलं.

अप्पांनी शेजारी बसलेल्या सुनेकडे पाहिलं. मांडीवर पाच वर्षांची नात होती. तिच्या दंडावर, धुळीच्या ॲलर्जीच्या तपासणीसाठी सुई टोचली होती तिथे, लालभडक गांध उठली होती. छातीत बारीक शिट्टी वाजत होती.

त्यांना वाटलं, आता सून सांगणार. तो तिचा हक्कच होता. गेली तीन वर्षं नात शिंकली रे शिंकली की अप्पा सुनेवर घसरायचे. झाडणं धड नाही, गाद्यांना ऊन नाही. चार पाहुण्यांत तिचा ढिसाळपणा बोलून दाखवायचे. ती बिचारी दिवसातून दोनदा फरशी पुसू लागली. पडदे काढून टाकले. मग कापडाची सुतं घरभर उडतात, असं खुसपट अप्पांनी काढलं, तेव्हा चांगला जम बसलेलं शिवणकाम बंद करून तिने मशीनही देऊन टाकलं. अप्पांची सिगारेट तेवढी चालू राहिली. नात पाळण्यात असल्यापासून एका हातात झोक्याची दोरी, दुसऱ्या हातात सिगारेट. खिडकी उघडी आहे की, म्हणायचे.

सून मान खाली घालून म्हणाली, साफसफाईत आपणच कुठेतरी कमी पडत असू.

ती सासऱ्याला पाठीशी घालत नव्हती. तिला खरंच तसं वाटत होतं. ते कळलं आणि अप्पांना गप्प बसवेना.

"मी ओढतो," ते म्हणाले. "ही जन्मल्यापासून. हिच्या उशाशी बसून."

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. त्या रागावल्या नाहीत. तान्हेपणापासून धूर नाकात जात राहिला तर पुढे ॲलर्जी जडायचा धोका वाढतो, म्हणाल्या. एकट्या धुरानेच झालं असं छातीठोक सांगता येणार नाही, पण तो आजच थांबायला हवा. धूळ काय, कितीही पुसलं तरी प्रत्येक घरात असतेच.

अप्पा सुनेच्या चार कडक शब्दांची वाट बघत राहिले. ते आले असते तर बरं झालं असतं. पण तिने त्यांच्याकडे पाहिलंच नाही. डोळे पुसत ती डॉक्टरीणबाईंना हळूच विचारत होती,

"म्हणजे माझं काही चुकलं नव्हतं?"