घासाघीस

"आई, इकडे ये. अगदी आपल्याकडच्यासारखी समई आहे बघ," मिलिंदने हाक मारली.

ब्रुसेल्सच्या जुन्या बाजारात शशिकलाबाई सांगलीच्या शेजारणींसाठी लेसचे स्वस्त रुमाल शोधत होत्या. त्या आल्या. जमिनीवर अंथरलेल्या चादरीवर, काटेचमच्यांच्या ढिगात समई उभी होती. त्यांनी ती उलटी केली. बुडाशी त्यांचंच नाव कोरलेलं होतं. लग्नात वडिलांनी दिलेली ही समई त्यांनी मागच्या खेपेला मुलाच्या इथल्या नव्या घरासाठी आणली होती. सामानाच्या वजनात बसावी म्हणून स्वतःच्या साड्या मागे ठेवल्या होत्या.

मिलिंदने नाव वाचलं आणि त्याचा चेहरा उतरला. "घर बदलताना आम्ही काही खोकी देऊन टाकली. त्यात चुकून गेली असणार. थांब, आत्ता परत घेतो."

म्हाताऱ्या विक्रेत्याने वीस युरो सांगितले. मिलिंद दहावर अडून बसला.

"अरे, देऊन टाक ना वीस," शशिकलाबाई म्हणाल्या.

"इथे असंच करावं लागतं. चार पावलं पुढे गेलो की तोच हाक मारेल. तू चल."

त्या त्याच्यामागून चालू लागल्या. हाक आली नाही. त्यांनी वळून पाहिलं, तेव्हा एक तरुणी पूर्ण पैसे देऊन समई पिशवीत घालत होती.

मिलिंद ओशाळला. "जाऊ दे आई. तशीच दुसरी मागवू."

"कशाला?" त्या शांतपणे म्हणाल्या. "लावणार कोण आहे?"