पाठ डोंगराकडे

तो उलटा चालत होता. गाव चढावरचं, गल्लीतली दगडी फरशी जागोजागी उखडलेली, आणि हा गृहस्थ तोंड बायकोकडे नि पाठ डोंगराकडे करून, हातवारे करत, तोंडाचा पट्टा चालवत वर चढत होता. एकदा दिव्याच्या खांबावर आपटला. पायरीवर बसलेल्या दोन म्हाताऱ्या खुदकन हसल्या.

“अहो, पुढे बघून चाला. हाडं मोडून घ्याल,” बायको म्हणाली.

“पुढे काय बघायचंय? डोंगर कुठे पळून चाललाय?” असं म्हणून तो पुन्हा सुरू झाला.

हे वाक्य तिने ऐकलं नव्हतं. त्याच्या ओठांवरून उचललं होतं. तिचे कान गेले होते. एका रात्रीत नाही, हळूहळू. आधी चिमण्या गेल्या, मग दारावरची बेल, मग तिचं शिलाई मशीन. त्याची धडधड आता फक्त तळपायांना कळायची. दुकानात गिऱ्हाइकं समोर उभी राहून मापं सांगायची, म्हणून निभावून जायचं. घरी मात्र तारेवरची कसरत. नवरा जन्माचा बडबड्या. बसमध्ये कंडक्टर होता तेव्हा उतारूंचं डोकं खायचा. निवृत्त झाल्यापासून तो सगळा भार तिच्या एकटीवर आला होता. ओठ बघून समजून घ्यावं तर झुबकेदार मिशी आडवी. निम्मं बोलणं त्या झाडीतच अडकायचं. मग ती अंदाजपंचे कधी “हो ना” म्हणायची, कधी “काय सांगता!”

आणि मध्येच एके दिवशी त्याने मिशी सफाचट केली. लग्नाच्या फोटोतसुद्धा असलेली मिशी! “पांढरी झाली होती, म्हातारा दिसत होतो,” म्हणाला. आता मिशीतल्या मिशीत हसायची सोय गेली, म्हणून तिने त्याला भरपूर चिडवलं. मनातून मात्र तिला देव पावल्यासारखं झालं होतं.

सांगून का टाकलं नाही? तिने सासऱ्यांचे हाल पाहिले होते. त्यांचे कान गेले तेव्हा घरातल्यांनी आधी ओरडून पाहिलं. मग एकेकाने बोलणंच सोडलं. शेवटी शेवटी जेवायची वेळ झाली की कुणीतरी त्यांच्या खांद्याला हात लावायचं, तेवढंच. भरल्या घरात म्हातारा एकटा गेला. बोलणं सोडणाऱ्यांत तिचा हा बडबड्या नवराही होता. उद्या आपलं कळलं तर हा आपल्याशीही असाच गप्प होईल, ही धास्ती तिला आतून पोखरत होती. त्याची कटकट वाटणारी बडबड म्हणजेच तिचा संसार होता.

आजचा सहलीचा दिवस तरी बरा चालला होता. किल्ल्याची पडकी तटबंदी पाहून झाली, जुनी पाणचक्की पाहून झाली. एक वाटाड्या मागे लागला, त्याला नवऱ्याने वाटेला लावलं. “मी सांगतो की हिला सगळं.” हॉटेलात त्याने तिच्याशी खुर्ची बदलून घेतली आणि ऊन थेट तोंडावर येत असताना डोळे बारीक करून गप्पा मारत बसला. म्हाताऱ्याला उतारवयात प्रेमाचं भरतं आलंय, असं तिला वाटलं. फक्त सकाळी बसमध्ये तो खिडकीला कपाळ टेकवून बसला होता. काचेवर वाफ धरत होती, त्यावरून तो बोलतोय एवढं तिला कळलं. तिने दोन-तीनदा “काय सांगता!” म्हणून वेळ मारून नेली.

दुपारी ते चौकात पोचले. मधोमध दगडी मनोरा, वर चारी बाजूंनी उघड्या कमानीत भलीमोठी घंटा. लोक जमले होते. खालच्या दोन माणसांनी दोर ओढायला घेतला. घंटा हलली. एकदा इकडे, एकदा तिकडे. सगळ्यांच्या नजरा वर. नवरा नेमका पाठमोरा होता, आणि आता काहीतरी बोलायला हवं होतं. तिने त्याचा दंड धरला.

“किती गोड आवाज आहे हो!”

आपण किती मोठ्याने बोललो तेही तिला कळलं नाही. सगळा चौक तिच्याकडे वळला. एका बाईने ओठांवर बोट ठेवलं. पुरुषांनी टोप्या काढून हातात धरल्या होत्या. एका म्हाताऱ्याचे डोळे भरलेले होते. तिने दचकून पुन्हा वर पाहिलं. घंटा तिच्या बाजूला झुकली, आणि आतली पोकळी दिसली. आत लोलक नव्हता.

संपलं, तिच्या मनात आलं.

नवऱ्याने तिला हाताला धरून भिंतीच्या कडेला नेलं. तिच्यासमोर उभा राहिला, उजेडाकडे तोंड करून.

“पूर्वी एकदा ही घंटा वाजली आणि डोंगरावरचा बर्फ सुटला. अर्धं गाव गाडलं गेलं. तेव्हापासून लोलक काढून टाकलाय. रोज नुसती हलवतात, कुणी बोलत नाही. सकाळी बसमध्ये हेच सांगत होतो, पण खिडकीकडे तोंड करून. जुनी खोड गं. चुकलंच माझं.” त्याने घंटेकडे बोट दाखवलं. “म्हटलं, जिथे सगळ्यांना तुझ्याइतकंच ऐकू येतं, अशा एका जागी तुला घेऊन जावं. बाबांना मी एकटं पाडलं. तुला नाही पाडणार.”

ती लहान पोरीसारखी रडली. मग डोळे पुसून तिने विचारलं, “कधीपासून माहितीये तुम्हाला?”

तो वळला नाही. तिच्याकडे तोंड करूनच, एकेक पाऊल मागे टाकत, उतार उतरायला लागला.

“अगं वेडे, पांढरी झाली म्हणून कुणी मिशी काढतं का?”