रॅकच्या पाठीवर हात

मुलाखत म्हणजे आता सर्व्हर हॉलमधून एक फेरी, एवढंच उरलं होतं. उमेदवाराच्या मनगटावर पट्टा बांधायचा, त्याला हॉल दाखवायचा आणि बाहेर पडेपर्यंत त्याचं मन किती रमलं ते मोजून पट्टाच पगार ठरवायचा. ज्याचा जीव कामात रमतो तो सोडून जात नाही, म्हणून त्याला कमी. ज्याला कंटाळा येतो त्याला टिकवायला जास्त.

फिरोज मुलाणी सांगलीहून आला होता, नऊ वर्षांचा अनुभव घेऊन. तिसऱ्या रांगेत तो थांबला आणि सर्व्हर रचलेल्या एका रॅकच्या मागच्या जाळीवर त्याने तळहात टेकवला.

"मॅडम, यातला एक पंखा आठवड्याभरात जाणार," तो म्हणाला. त्याचा चेहरा उजळला होता. पट्ट्यावरचा आकडा दहा हजारांनी उतरला.

"हात काढा," मुलाखत घेणारी हेमलता साळुंखे हळूच म्हणाली. "आणि जरा कंटाळल्यासारखे चाला. मी बारा वर्षं तशीच चालतेय. माझ्या पट्ट्यावरचा आकडा चढतच गेला."

"त्याआधी तुम्हालाही हाताने कळायचं?"

"इथले सगळे माझ्याकडूनच शिकले."

फिरोज खांदे पाडून पुढे गेला. त्याचा आकडा चढू लागला. हेमलताने मागे वळून त्याच जाळीवर तळहात ठेवला. त्या पंख्याची थरथर शोधत ती बराच वेळ उभी राहिली. हाताला नुसती गरम हवा लागत होती.

तिच्या मनगटावरचा आकडा जागचा हलला नाही.