तांबडी चंची

कावळा शिवत नव्हता.

मारोतीचा तिसरा होता. रेणा नदीच्या कोरड्या पात्रात राख सावडून झाली होती आणि त्याच जागी पत्रावळ मांडली होती. भात, भजी, पुरणपोळी. दुष्काळ असूनही विठाबाईनं नवऱ्याच्या आवडीचं काही कमी केलं नव्हतं.

कावळे काठावरच्या सुमनबाईच्या परसाच्या भिंतीवर बसून होते. इकडं एकही येईना.

"येतील कशाला?" म्हातारी नागुबाई म्हणाली. "सुमे, तूच लाडावून ठेवलंस त्यांना. माणसाला न्हाई अन् कावळ्यांना भाकरी!"

सुमनबाई कसनुसं हसली.

बाभळीखाली विम्याचे साहेब उभे होते. लातूर नवा जिल्हा झाल्यापासून ते जीपनं लगेच पोचायचे. मारोतीनं विमा उतरून वर्षही झालं नव्हतं, त्यात मरण घशाच्या दुखण्याचं, म्हणून चौकशी. विम्याचा पैसा आला तरच दवाखान्यापायी गहाण पडलेला विहिरीचा तुकडा विठाबाईला सुटणार होता.

तो तुकडा मूळचा सुमनबाईचा. तिचा नवरा व्यंकटी गेला तेव्हाही कावळा असाच अडला होता. साहेब तेव्हा उस्मानाबादेहून आले होते. ते बघत असतानाच मारोती मोठ्यानं म्हणाला होता, "बिडी ठेवा की! बिडीबिगर व्यंकटी घास घेतोय व्हय?"

बिडी ठेवली, कावळा शिवला. व्यसन लपवलं म्हणून विमा नामंजूर झाला. जमीन विकावी लागली. घेतली मारोतीनंच.

तरी मारोती अंथरुणाला खिळल्यापासून सुमनबाई त्या घरी रोज कालवण पोचवायची. लई मोठं मन हाय, असं गाव म्हणायचं.

"समदं बघते मी, शेत जाऊ देत न्हाई," विठाबाई पदर पसरून रडत होती. "घास घ्या वो!"

सुमनबाई पुढं झाली. कमरेची तांबडी चंची काढून तिनं पत्रावळीवर ठेवली.

"काय गं हे?"

"तंबाखू. भावजी तुझ्या भ्यानं माझ्या कोनाड्यात ठेवायचे. आता काय लपवायचं, विठे? जीव अडकलाय त्यांचा."

"खोटं हाय! ह्यांनी जन्मात सुपारीबी खाल्ली न्हाई!"

तिचं बोलणं संपायच्या आत भिंतीवरचा कावळा झेपावला. थेट चंचीवर. मागोमाग दुसरा, तिसरा.

नागुबाईनं हात जोडले. "मेलेलं माणूस खोटं सांगत नसतंय, बाई."

साहेबांनी पेनाचं टोपण काढलं.

सुमनबाईनं विठाबाईला उठवलं, पाणी पाजलं, धरून घरापर्यंत नेलं. मग ती आपल्या परसात आली. कावळे परत येऊन भिंतीवर बसले होते, तिच्या कमरेकडं बघत. तिनं भाकरी कुस्करली.

"चंची तिकडंच ऱ्हायली रे," ती म्हणाली. "आजपासून हातानंच टाकते."